उबेचे चिटणीस

दिवाळीच्या डब्यातल्या उरल्यासुरल्या चकल्या मऊ पडू लागल्या, तुळशीचे लग्न उरकले आणि पहाटे नळाचे पाणी हाताला चावू लागले, की पुण्याच्या पेठांतून एका विशिष्ट जातीचा गृहस्थ जागा होतो. त्याच्यापाशी एक बुलेट असते. वर्षाचे अकरा महिने ती वाड्याच्या अंगणात ताडपत्रीखाली वानप्रस्थ कंठीत असते, आणि बाराव्या महिन्यात तिच्यावर स्वार होऊन कोठेतरी लांब जावे अशी अनिवार ओढ त्यास लागते. पावसाळ्यात घाट निसरडे आणि उन्हाळ्यात पेट्रोलची टाकी मांड्या भाजणारी, तेव्हा कार्तिक सरता सरताच काय तो मुहूर्त. परंतु थंडीचे त्याला इतके वावडे असते की मुक्कामाचे गाव उबदारच असले पाहिजे, हा त्याचा दंडक. आमच्या चौघांच्या टोळीतले असे गृहस्थ स्वतःस सहलीचे चिटणीस म्हणवतात. या नेमणुकीचा कागद कोणत्याही दप्तरात नाही. पण शंभर पानी वही, लाल-निळी पेन्सिल आणि शेवटचा शब्द या तिन्ही गोष्टी त्यांच्याच कबजात असल्यामुळे आजवर कोणी तक्रारीचा अर्ज गुदरलेला नाही.

हवामानखात्याचे बिऱ्हाड १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले आणि ती इमारत अद्यापि ‘सिमला ऑफिस’ याच नावाने ओळखली जाते. जिच्या नावातच गारठा, तिच्या आकड्यांवर विसंबून आपण गाडी का काढावी, असा चिटणिसांचा सवाल आहे. म्हणून त्यांनी गॅलरीतल्या खिळ्याला स्वतःचा तापमापक टांगला असून दात घासण्यापूर्वी ते त्याची नोंद वहीत करतात. त्या वेळी त्यांची सौभाग्यवती आतून “अहो, चहा निवतोय!” असे ओरडते, तेव्हा थंडीविरुद्धचा एक पुरावा आणखी हाती आल्याच्या समाधानाने ते त्याचीही नोंद घेतात.

यंदाची बैठक कोजागिरीपासून सुरू होती. खजिनदारांनी चंद्रपूर सुचवले. ज्या गावी मे महिन्यात अंगाची लाही होते तेथे थंडीची काय प्राज्ञा, हा त्यांचा युक्तिवाद. चिटणिसांनी तो मुळातूनच खोडून काढला. जमीन, ते म्हणाले, ही उधळ्या जहागीरदारासारखी. दिवसा मिळालेली ऊब रात्रीत उडवून मोकळी होते. समुद्र मात्र मुरलेला सावकार, सगळा उन्हाळा जमा करून ठेवतो आणि थंडीत हप्त्याहप्त्याने सोडतो. म्हणूनच पुणे कुडकुडत असता रत्नागिरीचा पारा रात्रीही वीस अंशांच्या आसपास रेंगाळतो. हे विवेचन इतके निर्दोष होते की आम्ही मुकाट्याने दुसरा चहा मागवला. मग मी गोव्याचे नाव काढले. त्याबरोबर तीन घरांतून तीन निरनिराळ्या शंका निघाल्या आणि तो विषय दप्तरदाखल झाला.

कोकण ठरले, पण कोकणात उतरायचे म्हणजे मध्ये सह्याद्री आला. ताम्हिणी घ्यावा की वरंधा, यावर चार संध्याकाळी खर्ची पडल्या. घाटाची उतरण पश्चिमेकडची, तेथे सकाळचे ऊन उशिरा पोहोचते, तोवर सगळा रस्ता सावलीत. सबब पहाटे निघण्याची तमाम मोटारसायकलस्वारांची वहिवाट मोडून आपण जेवून निघावे, असा ठराव झाला. (ही सूचना मला मनापासून आवडली, हे कबूल केले पाहिजे.) अखेर चिटणिसांनी नकाशावर सुतळी फिरवली, ती ताम्हिणीवरून माणगावास, तेथून मंडणगडास नेऊन दापोलीवर गाठ मारली. रत्नागिरी जिल्हा, हर्णैचा समुद्र हाकेच्या अंतरावर! वहीत ‘दापोली’ या शब्दाखाली लाल रेघ पडली.

निघण्याच्या दिवशीचा त्यांचा थाट पाहण्यासारखा होता. दोन गंजिफ्राकांवर सासूबाईंनी विणलेला स्वेटर, त्यावर वर्तमानपत्राची चौपदरी घडी, त्यावर चामडी कोट, गळ्यात मफलर आणि माथ्यावर अशी जाड माकडटोपी की शिरस्त्राण तिच्यावर बसेना, नुसते तरंगू लागले. वर्तमानपत्र छातीशी धरले की वारा आत शिरत नाही, हे खरेच आहे. पण त्यासाठी रविवारची पुरवणीच हवी, अग्रलेखाच्या पानात ऊब नसते, असे त्यांचे अनुभवान्ती बनलेले मत. ताम्हिणीत भर दुपारच्या उन्हात त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. टोपी काढा म्हटले, तर थंडी ही दगाबाज असते एवढेच उत्तर आले.

दापोलीस पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. लॉजच्या मालकांनी प्रत्येकाच्या खाटेवर दोन-दोन गोधड्या टाकल्या, तेव्हा चिटणिसांनी भुवया उंचावल्या.

“इथं गारवा असतोच हो,” मालक सहज म्हणाले. “आठशे फुटांवर आहे गाव. उगाच का साहेबानं पलटण आणून ठेवली होती? म्हातारी माणसं अजून कॅम्प दापोलीच म्हणतात.”

त्या रात्री चिटणीस माकडटोपीसह निजले. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून त्यांनी आम्हांस उन्हवऱ्याच्या गरम झऱ्यावर नेले. तेथे पाण्यात पाऊल घातले मात्र आणि विजेचा धक्का बसावा तसे ते मागे घेऊन, उरलेला वेळ काठावरच्या दगडावर बसून त्यांनी आमच्या चपला राखल्या.

परतीच्या सकाळी त्यांनी छातीसाठी नवे वर्तमानपत्र विकत घेतले. घडी घालता घालता त्यांची नजर एका चौकटीवर अडखळली, म्हणून मी खांद्यावरून डोकावलो. पुण्यावर ढग जमून किमान तापमान चार अंशांनी वाढले होते, थंडी गायब झाली होती, आणि हा आकडा सिमला ऑफिसाचा होता. चिटणिसांनी ती चौकट आतल्या बाजूस जाईल अशी घडी फिरवली, पत्र स्वेटरवर नीट बसवले आणि कोटाची बटणे गळ्यापर्यंत लावली.