पिस्तूल रोडावं कसं

हा लेख 25 मीटर स्पोर्ट्स पिस्तूल खेळणाऱ्या नवशिक्यांसाठी आहे. परवाना, आयात, कस्टम हा सगळा डोंगर चढून .22चं पिस्तूल तुमच्या हातात आलेलं आहे, असं धरून चालू. आलं नसेल तरी वाचायला हरकत नाही. नसलेल्या पिस्तुलाचं वजन कधीच वाढत नाही.

नियम सोपा आहे. पिस्तूल, त्याला लावलेली वजनं आणि रिकामं मॅगझिन मिळून 1400 ग्रॅमच्या आत. कारखान्यातून ते याहून बरंच हलकं येतं. मग वजन कमी करायची वेळ येतेच कशी, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर तुम्ही अजून रेंजवर कुणाचा सल्ला घेतलेला नाही.

म्हणून पहिली पायरी : वजन वाढवा. त्यासाठी काही करावं लागत नाही. कोच मागे उभे राहून म्हणतात, "नळी उसळतेय, पुढे थोडं वजन लाव." शेजारच्या लेनवरच्या सीनियर ताई म्हणतात, "अजून थोडं." घरी नवरा मेकॅनिकल इंजिनिअर असेल तर काम अजून सोपं. माझ्या नवऱ्याने भोसरीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळेचा 120 ग्रॅमचा एक तुकडा बनवून आणला. नळीखाली बसणारा, कडा मारलेला, देव्हाऱ्यातल्या समईसारखा झगझगीत. त्याला नाही म्हणणं जड गेलं.

आणि खोटं कशाला बोलू, फायदा होतो. या खेळात 60 गोळ्या. पहिल्या 30 सावकाश, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. उरलेल्या 30 मात्र घाईच्या : हात 45 अंश खाली, हिरवा दिवा लागला की 3 सेकंदांत वर उचलायचा, गोळी सोडायची, पुन्हा खाली. 7 सेकंदांनी पुन्हा दिवा. असं लागोपाठ पाच वेळा, आणि असे सहा डाव. हात वर पोचतो तेव्हा हलकं पिस्तूल पोरासारखं इकडेतिकडे बघत राहतं. नाक जड असेल तर फ्रंट साइट टार्गेटच्या काळ्यावर येऊन गप्प बसते. पहिल्यांदा ती अशी थांबली तेव्हा मला वाटलं, हेच ते, याचसाठी एवढी वर्षं. चौथ्या डावात खांद्याने वेगळं मत दिलं. दीड किलोच्या आसपासचं वजन 30 वेळा उचलायचं म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलो होतात, तेही एका हाताने, कोपर न वाकवता.

भर पडायची दुसरी जागा म्हणजे ग्रिप. लाकडी ग्रिप हाताला नेमकी बसत नाही, मग जिथे पोकळी वाटते तिथे एम-सील लावायचं, ओलं असतानाच मूठ आवळायची आणि वाळेपर्यंत टीव्ही बघायचा. माझ्या ग्रिपवर दोन वर्षांत इतके थर चढले की तिचं लाकूड कुठे संपतं आणि माझी हौस कुठे सुरू होते, ते सांगता येईना.

दुसरी पायरी : मोजा. स्वयंपाकघरातला काटा घ्या, आधी त्यावरची कणीक पुसा. माझा आकडा 1452 आला. राज्य स्पर्धा आठ दिवसांवर. काट्यावर विश्वास बसत नसेल तर अचूक काटा गल्लीतल्या सराफाकडे असतो, हे खरं आहे. तरीही पिस्तूल घेऊन सराफाच्या दुकानात जाऊ नका. मी फक्त पितळेचा तुकडा रुमालात बांधून नेला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, दोनदा फिरवला आणि म्हणाले, "वहिनी, हे सोनं नाही." वजन मात्र बरोबर 120 भरलं.

तिसरी पायरी : कुठून कमी करायचं ते ठरवा. आणि आता विनोद बाजूला. नळी, स्लाइड, ट्रिगरची यंत्रणा यांना कानस, ड्रिल, लेथ काही लावायचं नाही. ते काम आर्मररचं. तिथला ग्रॅम कमी करताना पिस्तूल धोकादायक होऊ शकतं, शिवाय कायद्याचीही गाठ पडते. आपला हात फक्त बाहेरून लावलेल्या गोष्टींपर्यंत.

मी ग्रिपपासून सुरुवात केली. पॉलिश पेपर, बाल्कनी, एक आख्खी संध्याकाळ. चार ग्रॅम. त्यातले थोडे गच्चीवरच्या पापडांवर गेले, असा सासूबाईंचा दावा आहे. या वेगाने मी पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत पोचले असते. शेवटी नवऱ्यानेच तोडगा काढला, कारण खोड त्याचीच होती : तोच तुकडा, तेच माप, फक्त पितळेऐवजी ॲल्युमिनियम. पितळ ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड. नवा तुकडा 38 ग्रॅमचा निघाला, म्हणजे एका फटक्यात 82 ग्रॅम गेले. पिस्तूल 1366वर आलं. जुना तुकडा आता पेपरवेट आहे.

इथे नवशिका आनंदाने झोपतो. झोपू नका. वजन जाताना तोल घेऊन जातं. दुसऱ्या दिवशी फ्रंट साइट काळ्याच्या वर जाऊन थांबू लागली, कारण खांदा अजून जुन्याच जड नाकाच्या हिशेबाने जोर लावत होता. ड्राय प्रॅक्टिस, भिंतीकडे तोंड करून, रोज अर्धा तास. साइट पुन्हा बसवायची ती या सगळ्यानंतर. आधी बसवलीत तर ते परत करावं लागेल.

चौथी पायरी चुकवायची आहे. "ट्रिगर जड आहे" असं कुणी म्हणालं आणि तुम्ही याच झपाट्यात त्याचाही स्क्रू सैल केलात, तर सारं मुसळ केरात. पिस्तुलाला 1400 ही वरची हद्द आहे, ट्रिगरला 1000 ग्रॅम ही खालची. स्पर्धेआधी इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साधनं तपासायच्या, एकाच टेबलावर एक माणूस म्हणतो जास्त नको आणि त्याच्या शेजारचा म्हणतो कमी नको. तिथे पिस्तूल नळी वर करून उभं धरतात, ट्रिगरला एक किलोचं वजन अडकवतात आणि हळूच उचलतात. वजन वर आलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. तीन संधी. दुसऱ्या वेळी माझा ट्रिगर "टक्" म्हणाला. तो आवाज मला अजून कुकरच्या शिट्टीआधी ऐकू येतो. तिसऱ्या वेळी टिकला. स्पर्धेनंतरही अचानक तपासतात, तेव्हा कमी भरला तर नीट करून आणायची संधी नाही, थेट बाद.

तर राज्य स्पर्धेसाठी बालेवाडीला इक्विपमेंट कंट्रोलच्या रांगेत मी सकाळी सातला उभी होते. काटा : 1366. ट्रिगर : वर सांगितलं तसं. स्टिकर चिकटवायला हात पुढे आला आणि थांबला. एक पेटी राहिली होती, 300 बाय 150 बाय 50 मिलिमीटर. पिस्तूल तिच्यात पूर्ण बसलं पाहिजे. लांबी बसली, उंची बसली. रुंदीला तळहाताखालची एम-सीलची फळी आडवी आली, दोनेक मिलिमीटरने. आठ दिवस ग्रॅम मोजत बसले, मिलिमीटर कुणी मोजलेच नव्हते.

"घासून आणा ताई, रांग लांब आहे."

नवऱ्याची हत्यारपेटी गाडीत, गाडी पार गेटबाहेर. पर्समध्ये नखं घासायची कानस होती. पार्किंगच्या कट्ट्यावर बसून मी ग्रिप पिस्तुलापासून वेगळी केली, ती मांडीवर घेऊन घासू लागले, ड्रेसवर पांढरी पूड. पाचेक मिनिटांनी सावली पडली. ज्युनियर गटातली एक मुलगी, कोल्हापूरचं जॅकेट, हातात सुटी केलेली ग्रिप.

"काकी, तुमचं झालं की जरा द्याल?"