क्वार्टरातलं भूत

पडक्या वाड्यात शिरलं की मराठी माणसाला हटकून भुयार दिसतं. ते थेट शनिवारवाड्यात निघतं आणि वाटेत मोहरांचा हंडा असतोच. भिलाईत या कल्पनाशक्तीची मोठी पंचाईत होते. इथला इस्पात कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून आला, पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली, आणि कामगारांसाठी सेक्टरामागून सेक्टर पट्टीने आखल्यासारखे उभे राहिले. पेशवे इकडे फिरकायचा प्रश्नच नाही.

म्हणून हौशी मंडळी रशियनांवर भागवतात. मोडकळीला आलेलं क्वार्टर दिसलं, की कॅमेरा सरसावून, "इथे नक्कीच एखादा सोव्हिएत इंजिनियर राहत असणार!" अहो, जरा भिंत बघा. चुन्याच्या पोपड्यांखाली निळा, त्याखाली पिवळा, त्याखाली पुन्हा निळा. दिवाळ्या मोजून घ्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पेन्सिलीच्या रेघा, मुलांच्या उंचीच्या. इथे राहिला तो तीन पाळ्यांत राबणारा आणि निवृत्तीनंतर किल्ली परत करून गेलेला माणूस. त्याची कुणाला उत्सुकता? त्याला ना तलवार, ना विरहिणी राणी.

नळ, बिजागऱ्या, वायरी यांचा अभ्यास भंगारवाले आपल्याआधीच करून गेलेले असतात, तोही मुळापासून.

तरीही जायचंच असेल, तर सळया उघड्या पडलेल्या स्लॅबखाली उभे राहू नका. आणि आत दोरीवर कपडे वाळत दिसले, तर ते भूत नव्हे. कुणीतरी तिथे राहतंय. दार वाजवा.