उसनी फौज

साखरखेर्डा, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या पट्ट्यातून जाताना पिकाआधी नजरेत भरतात ती शेडनेटं. आत मिरची, टोमॅटो, ढोबळी मिरचीचं संकरित बियाणं तयार होतं. जाळी इतकी बारीक, की वाऱ्यानंही आत शिरताना अंग चोरावं. एखादी मधमाशी परका पराग घेऊन आली तर वाणाचं कुळच बिघडायचं. म्हणून परागीकरण बायाच करतात, एकेक फूल हातात धरून. असलं कडक सोवळं पाळणारा शेतकरी एके दिवशी पदरचे पैसे मोजून किडे विकत आणतो आणि आपल्या हातानं आत सोडतो, हे पाहिलं की हसावं का हात जोडावेत, कळत नाही. बांधावरचे आजोबा मात्र हसतात. ‘‘इकत आनले किडे? आमच्या वावरातून फुकट नेले असते ना बापा!’’

पण सोवळ्याला फुलकिडे कुठे जुमानतात? ते शिरतातच. मागोमाग मावा, पांढरी माशी. आत ना झोडपणारा पाऊस, ना टिपून खाणारे पक्षी. मिरचीची पानं चुरडतात, मुरडतात. फवारणीवर फवारणी होते आणि कीड ते औषधही पचवायला शिकते. मग तुसात गुंडाळून येतो तो विकतचा किडा, क्रायसोपा. सोनेरी डोळ्यांचा, हिरवट, पंख असे की पलीकडचं पान दिसावं. त्याची मादी प्रत्येक अंडं केसाएवढ्या देठावर उंच टांगून ठेवते. कारण आधी जन्मलेली अळी शेजारच्या भावंडालाच फस्त करायची. लेकरांचे गुण आईनं इतके नेमके ओळखावेत आणि रागावण्याऐवजी घराची मांडणीच बदलावी! आपल्या कितीतरी एकत्र कुटुंबांना हा देठ वेळेवर सुचायला हवा होता. माव्याचा फडशा पाडणारी ही दांडगट अळी मोठी झाली, पंख फुटले, की पराग आणि मधुरसावर राहते. ऐन तारुण्यात गळ्यात माळ घालणारा दुसरा शिकारी माझ्या पाहण्यात नाही.

किडीवर किडा सोडण्याची ही युक्ती जुनीच. १९२६ साली इंग्लंडमधल्या एल्स्ट्री इथं एका बागवानाला काचघरातल्या टोमॅटोवर पांढऱ्या माशीचे काळे पडलेले कोष दिसले. त्यांतून माशीऐवजी एन्कार्सिया नावाची इवलीशी गांधीलमाशी बाहेर पडली. तिची पैदास करून ती मळ्यामळ्यांत पोचवली गेली. पुढे डीडीटी आलं, आणि तिला सगळे विसरले. कीड डीडीटीला सरावल्यावर पुन्हा तिचीच आठवण झाली. गरजेपुरती मैत्री माणसाला नवी नाही. साखरखेर्ड्याच्याच रणात १७२४ साली निजामानं मुबारिजखानाला हरवलं तेव्हा बाजीराव त्याच्या बाजूला होता. चारच वर्षांनी पालखेडला त्याच बाजीरावानं निजामाला कोंडलं.

क्रायसोपाशी तहनामा मात्र याहून अवघड आहे. ही फौज टिकवायची तर शत्रू पुरता मारून चालत नाही. थोडा मावा पानावर राहू द्यावा लागतो. जन्मभर पाठीवर पंप वाहिलेल्या माणसाला हे कसं जमावं? तरी तो पान उलटतो, मावा मोजतो, पंपाकडे गेलेला हात मागे घेतो. आणि एखाद्या सकाळी, मावा फारच कमी दिसतो म्हणून, चक्क काळजीत पडतो.