विनोबांची निर्यात

मुंबईहून गोव्याच्या रस्त्याला लागलात की पेणच्या अल्याड-पल्याड होर्डिंगांची रांग सुरू होते. निसर्गाच्या कुशीत एनए प्लॉट. क्लिअर टायटल. स्वतंत्र सातबारा. शेवटचे काही गुंठे शिल्लक (हे गेली कित्येक वर्षं शेवटचेच आहेत). चित्रात झोपाळा, झोपाळ्यावर जोडपं, पायाशी गुबगुबीत परदेशी कुत्रा. गावातला माणूस एकाही होर्डिंगवर दिसत नाही. बरोबरच आहे. विकायचंय ते गाव, गावकरी नव्हे.

याच पेण तालुक्यात गागोदे नावाचं गाव आहे. तिथे 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेला एक मुलगा पुढे देशभर पायी हिंडून सांगत राहिला, की हवा-पाण्यावर जशी कुणाची मालकी नाही, तशी ती जमिनीवरही नको. विनोबा भावे. त्यांचं म्हणणं आपल्याला कितपत पटलं, ते होर्डिंगं सांगतातच. पण विचाराचं एक बरं असतं, घरात खपला नाही तर परदेशात चालतो. विनोबांचा चालला. थेट अमेरिकेत.

साठच्या दशकातल्या जॉर्जिया राज्यातली गोष्ट. तिथल्या कृष्णवर्णीय कुळांनी मतदार यादीत नाव घालायची हिंमत केली, की गोरा जमीनमालक त्यांचं बिऱ्हाड रस्त्यावर काढायचा. मताचा हक्क कागदावर मिळाला होता, पण पायाखालची जमीन दुसऱ्याची होती. तिथले कार्यकर्ते चार्ल्स आणि शर्ली शेरॉड आणि त्यांच्या सोबत्यांना कळून चुकलं, की आधी जमीन, मग लोकशाही. भारतात राहून गेलेले अमेरिकन विचारवंत राल्फ बोर्सोडी आणि त्यांचे सहकारी बॉब स्वान यांच्या डोक्यात विनोबांचं ग्रामदान, म्हणजे जमिनीची मालकी गावाकडे देणं, घोळत होतंच. इस्रायलमध्ये सामायिक जमीन लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने कसायला देतात, तेही काही जण जाऊन बघून आले. त्यातून 1969 मध्ये 'न्यू कम्युनिटीज' उभी राहिली. जमीन सुमारे 5,700 एकर, मालक संस्था, राहणारे-कसणारे गावकरी. कम्युनिटी लँड ट्रस्ट म्हणून आज जगभर ज्याचा गवगवा आहे, त्याचा हा पहिला अवतार.

आता तिथलं सरकारही काही आपल्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. केंद्राचा निधी येऊ घातला, तो राज्याचे गव्हर्नर लेस्टर मॅडॉक्स यांनी अडवला. पुढे दुष्काळ पडला. शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांना तातडीचं सरकारी कर्ज मिळालं, यांचा अर्ज फिरत राहिला. कर्ज हातात पडेपर्यंत उशीर झाला होता, आणि 1985 मध्ये सगळी जमीन जप्तीत गेली. भेदभाव झाल्याचा निवाडा आणि सुमारे 1.2 कोटी डॉलरची भरपाई मिळायला 2009 उजाडलं. त्या पैशातून त्यांनी 2011 मध्ये पुन्हा सोळाशेहून अधिक एकर जमीन घेतली. घेतली ती एका बड्या गुलाममालकाची जुनी प्लँटेशन. सूड उगवावा तर असा, रजिस्ट्रार ऑफिसात, रीतसर मुद्रांक भरून.

पहिली जमीन बुडाली तरी कल्पना तरली. आज अमेरिकेत असे दोनशेहून अधिक ट्रस्ट आहेत. आणि कल्पना तरली ती कुणाच्या चांगुलपणावर नव्हे, एका कंटाळवाण्या कागदावर. तो कागद जरा जवळून वाचू.

जमीन ट्रस्टची, कायमची. ट्रस्ट ती विकत नाही. घर तुमचं. त्याखालची जमीन तुम्हाला 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने, नाममात्र भाड्यात. घर मुलाबाळांना वारसाने देता येतं, त्यावर बँकेचं कर्ज काढता येतं. जमिनीचे पैसे मोजावे लागत नाहीत, त्यामुळे घर मास्तरांना, नर्सबाईंना, गवंड्याला परवडतं. अट एकच आणि ती झोंबणारी: तिथे स्वतः राहायचं. कुलूप लावून मे महिन्यात आणि नाताळात उगवायचं, हे चालणार नाही.

आणि विकायची वेळ आली तर? इथे खरी मेख आहे. व्हर्मॉन्टमधल्या चॅम्पलेन हाउसिंग ट्रस्टचा शिरस्ता असा, की घराची किंमत जेवढी वाढली असेल तिचा पाव हिस्सा तुमचा. समजा, आपल्या हिशेबात, घर 20 लाखांना घेतलं आणि दहा वर्षांनी त्याची किंमत 30 लाख झाली. वाढ 10 लाखांची, त्यातले अडीच लाख तुमच्या खिशात. घर पुढच्याला साडेबावीस लाखांत. उरलेले साडेसात लाख कुठे गेले? कुठेच नाही. ते घरातच राहिले, पुढच्या गवंड्यासाठी. आपल्याकडे या प्रकाराला नुकसान म्हणतात.

ट्रस्टच्या कारभारी मंडळात एक तृतीयांश तिथे राहणारे, एक तृतीयांश आजूबाजूचे गावकरी आणि एक तृतीयांश सार्वजनिक हिताची बाजू मांडणारे. म्हणजे राहणाऱ्यांनी एक होऊन 'चला, विकून मोकळे होऊ' असा ठराव करायचा म्हटलं, तरी बहुमत जमत नाही. माणसाच्या हावेला नावं न ठेवता तिची मतं मोजून ठेवायची, अशी ही व्यवस्था.

नेमकं इथेच आपलं गाडं अडलं. 18 एप्रिल 1951 ला पोचमपल्लीत विनोबांना शंभर एकरांचं पहिलं भूदान मिळालं, आणि मग दानाचा पूर आला. चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन कागदावर गोळा झाली. त्यातली बरीचशी खडकाळ, बरीचशी तंट्यातली. कित्येक दात्यांनी सभेत टाळ्या घेतल्या आणि फेरफार करायला मात्र तलाठ्याकडे फिरकलेच नाहीत. बापाने दिली, मुलाने परत घेतली. ग्रामदानात तर लाखाहून अधिक गावांची नावं लागली. जमिनीची मालकी ग्रामसभेकडे, विसावा हिस्सा भूमिहीनांना, बाकीची ज्याची त्याने कसायची, पण गावाबाहेर विकायची नाही. अमेरिकनांनी जे केलं ते याहून फार निराळं नाही. फरक एवढाच, की आपण जमीन मागितली ती हृदयपरिवर्तन करून, त्यांनी ठेवली ती वकील नेमून. हृदय पुढच्या पिढीत पुन्हा बदलतं, भाडेपट्टा 99 वर्षं बदलत नाही.

साधुसंतांच्या देशात हे बोलणं पाप आहे, पण गरिबांच्या घराचा प्रश्न पुण्याने सुटत नाही. तो कलम, पोटकलम आणि नोंदणी क्रमांकाने सुटतो.

अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, वॉशिंग्टन राज्यात, ऑर्कस नावाचं बेट आहे. सिएटलच्या धनिकांचं अलिबागच म्हणा. बंगले त्यांचे, बंगल्यांचे नळ दुरुस्त करणारे स्थानिक, आणि स्थानिकांना घरं नाहीत. तिथे 1989 मध्ये 'ओपल' नावाचा ट्रस्ट निघाला. ऑर्कसवर आणि शेजारच्या बेटावर अशा ट्रस्टांनी पुढे एक अजब उद्योग केला. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात बिल्डरांनी पाडायला काढलेली जुनी, धडधाकट लाकडी घरं अख्खीच्या अख्खी उचलली, बार्जवर चढवली आणि समुद्रातून आणून ट्रस्टच्या जमिनीवर बसवली. छपरासकट. आत नळवाले, मास्तर राहायला आले.

आपल्याकडेही मुंबईहून मांडव्याला 2020 पासून रो-रो बोट धावते. तिच्यावरही बरंच काही चढवून आणतात. एसयूव्ही, कूलबॉक्स, सप्ताहअखेरचा थकवा. त्यात 2024 च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि रायगड जिल्हा मुंबईच्या मागच्या अंगणात आला. अंगणात कुणी राहत होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

सरकार काहीच करत नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. घरकुलासाठी ग्रामीण भागात अनुदान मिळतं. ज्याच्याकडे घरकुल बांधायला जागाच नाही त्याच्यासाठी वेगळी योजना आहे, पाचशे चौरस फूट जागा घ्यायला अर्थसाहाय्य. आधी 50 हजार होतं, पुढे 1 लाख झालं. पाचशे चौरस फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्यालाही थोडं कमीच. ते पैसे घेऊन किनाऱ्यालगतच्या एखाद्या एजंटाकडे जा आणि अर्धा गुंठा मागा. तो तुम्हाला चहा पाजेल, माणूस मनाचा मोठा असतो. यातली गंमत अशी, की हे पैसे पुन्हा बाजारातच जातात. एकदा घर झालं, दहा वर्षांनी विकलं, की सरकारी लाख पुढच्या फार्महाउसच्या पायात. पुढच्या गरिबाला पुन्हा नवं अनुदान, आणि तोवर भाव चढलेला. भोकाच्या रांजणात पाणी ओतून आपण दरवर्षी उद्दिष्टपूर्तीचे आकडे जाहीर करतो.

'पण जमीन गावाच्या नावे ठेवायचा कायदा नाही ना!' असं म्हणायला तोंड उघडाल तर मिटा. कायदा आहे. महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, 1964. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या शंभरेक घरांच्या गोंड गावाने 2013 मध्ये तो खरोखर वापरला. देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने या गावाने आपापली जमीन ग्रामसभेच्या नावे केली. कायदा झाल्यावर एकोणपन्नास वर्षांनी कुणीतरी तो वाचला म्हणून प्रशासनाला आनंद व्हायला हवा होता. झाली ती पंचाईत. अशा कायद्याचं करायचं काय, हे साहेबांनाही नव्याने वाचावं लागलं. पुस्तकात शोभून दिसणाऱ्या कलमावर एखादं गाव खरंच बोट ठेवतं, तेव्हा सरकारी खुर्चीला जो घाम फुटतो तो दुष्काळातही आटत नाही.

गोव्याकडे बघाल तर तिथे ही कल्पना पोर्तुगीजांच्याही आधीची. गांवकारी, म्हणजे पुढची कोमुनिदाद. जमीन गावाची, कसायला पट्ट्याने, उत्पन्नातून गावाची कामं. तिचंही आपण काय केलं? आधी अतिक्रमणं होऊ दिली, मग ती नियमित कशी करायची यावर चर्चा. गावाची जमीन ही कुणाचीच नसलेली जमीन, असा समज या किनाऱ्यावर सगळ्या पक्षांत सारखाच लोकप्रिय आहे.

आता फार्महाउसवाल्यांना झोडपून सदर संपवणं सोपं आहे, टाळ्याही मिळतील. पण कुणी विकल्याशिवाय कुणी विकत घेत नाही. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते असा आपला कायदा आहे, आणि तरी शहरातले एवढे शेतकरी अचानक कुठून उगवले, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. दाखला कुणी मिळवून दिला, दलाली कुणी खाल्ली, सह्या कुणी जमवल्या? बाहेरून आलेल्या कुणी? वारसनोंद होऊन आठ भाऊ आणि पाच बहिणी सातबाऱ्यावर आल्या, त्यातले सहा बोरिवली-डोंबिवलीत, त्यांना जमिनीचा उपयोग एकच. त्यांना दोष देऊन चालणार नाही. मुलीचं लग्न, आईचं ऑपरेशन, मुलाचं इंजिनीअरिंग, सगळ्यांचं उत्तर त्याच गुंठ्यांत दडलेलं असतं. म्हणून तर उपदेश निकामी ठरतो आणि करार लागतो. सगळं शिवार गावाच्या नावे करा असं कुणी म्हणत नाही. गावठाण विस्ताराची जागा मिळेल तेव्हा तिचे प्लॉट पाडून वाटण्याऐवजी ती एका ट्रस्टच्या नावे ठेवा. वर घरं बांधा, 99 वर्षांचा पट्टा द्या, राहील त्याचं घर, विकताना वाढीचा पाव हिस्सा. दोन एकरांवर करून बघा.

आणि हा ठराव ग्रामसभेत मांडाल त्या दिवशी जरा मागे बसून मजा बघा. 'आमच्या पोरांना स्वतःच्या गावात घर बांधायला जागा उरली नाही' असं तावातावाने सांगणारा एक उठेल. 'वाढीचा पाव हिस्साच? मग जमिनीला किंमत काय राहिली?' असं विचारणाराही एक उठेल. दोघांचा आवाज सारखाच वाटला तर चकित होऊ नका. बऱ्याचदा तो एकच माणूस असतो.