लिंबू-मिरची नवी, पाइप जुना

आमच्या अमळनेरात जुन्या मारुती आठशेचा पेट्रोल पाइप घरी बदलणे हा सार्वजनिक कार्यक्रम असतो. बॉनेट उघडले की अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि आभार मानणारे आपोआप जमतात. २०२४ च्या फेब्रुवारीत इथे ९७ वे साहित्य संमेलन झाले, त्याला मांडव लागला. याला आप्पांचे अंगण पुरते.

आप्पांच्या गाडीत पेट्रोलचा वास येई. गावात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर असल्यामुळे वास खरा की भास, यावर आधी यथास्थित चर्चा झाली. नाना म्हणाले, "१९४५ साली आपल्या गावात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिच्यातून विप्रो निघाली. तुमच्या गाडीतून थोडं पेट्रोल निघालं तर एवढं काय?"

पाइपाचीही बाजू ऐकायला हवी. तो बसवला तेव्हा पेट्रोलात पेट्रोल असे. आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. कुठे फुगते, कुठे तडकते. त्यात आमचा ४४-४५ अंशांचा मे महिना. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. नळाला पाणी कधी येणार हे शेजारी विचारावे लागते, तिथे निदान टाकीत तरी येते म्हणायचे.

सरकारचे गाडीकडे लक्ष नाही असे मात्र नाही. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी म्हणून नवी नंबरप्लेट लावून झाली. पीयूसी आहे, विमा आहे, पुनर्नोंदणीचे पैसे भरलेत. लिंबू-मिरची तर दर शनिवारी ताजी. फक्त पाइपाचे वय विचारणारा रकाना आप्पांच्या फायलीतल्या एकाही कागदावर नाही.

दुकानातल्या पोराने कूलरचा पारदर्शक पाइप पुढे केला. "घ्या आप्पा, आतलं दिसतं!" आप्पांनी हट्टाने इथेनॉल चालणारा, खास पेट्रोलचा पाइप आणि नव्या क्लिपा घेतल्या. इंजिन गार होऊ दिले, बॅटरीची वायर काढली. टाकीकडून येणारा, परत जाणारा आणि वाफेचा, असे तिन्ही पाइप बदलायचे ठरले. "एकच गळतोय, तीन कशाला?" या मुद्द्यावर नानांनी सभात्याग केला आणि चहा येताच मागे घेतला.

एवढ्यात एक गृहस्थ पेटती बिडी घेऊन बॉनेटवर वाकले. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांनाही पेट घेते; अमळनेरात तिला त्यावर ८५ अंशांची सवलत मिळते. आप्पा ओरडले. गृहस्थ दुखावले. "मी ते फक्त देखी राहिनू भाऊ!"

शेवटी गाडी सुरू झाली. गळती नाही, वास नाही. नानांनी खाली वाकून बराच वेळ हुंगले आणि निकाल दिला, "वासच येत नाही. पंपवाल्यानं फसवलं तुम्हाला."