काना, मात्रा, सेमीकोलन

मुद्रितशोधकाला आयुष्यभर एक वाक्य ऐकून घ्यावं लागतं. ‘अहो, वाचणाऱ्याला कळतं ते!’ वेलांटी ऱ्हस्व पडली? वाचणाऱ्याला कळतं. स्वल्पविराम दोन शब्द आधीच टपकला? कळतं. ‘दिन’चा ‘दीन’ होऊन ऑगस्टच्या अंकावर ‘स्वातंत्र्यदीन’ असं ठळक छापून आलं, तरी संपादक म्हणतात, भावना पोहोचल्या ना! वाचणाऱ्याला इतकं सगळं कळत असेल तर आम्हाला ठेवलंय कशाला, हा प्रश्न मी कधी विचारत नाही. मालकांना तो आपण होऊन सुचू नये एवढीच इच्छा असते.

अशा माणसाला उतारवयात एक असा वाचक भेटला, ज्याला काही म्हणजे काहीच कळत नाही. लिनक्सचा सर्व्हर.

झालं असं, की आमच्या प्रकाशनाची वेबसाइट मुंबईत कुठेतरी भाड्याच्या सर्व्हरवर नांदते. ती बघणारा मुलगा जर्मनीला गेला. जाताना एका कागदावर पासवर्ड आणि ‘काही लागलं तर पिंग करा’ एवढं लिहून गेला. मालकांनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला. ‘दादा, बारकाईचं काम आहे, तुम्हीच बघा.’ आमच्याकडे बारकाईचं काम म्हणजे ज्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत ते काम.

हिंजवडीत नोकरी करणारी भाची रविवारी शिकवायला येऊ लागली. फी मिसळीवर तुटली. ‘मामा, इथे माऊस विसरायचा,’ असं म्हणून तिने काळी खिडकी उघडली आणि पहिला धडा दिला : एलएस, सीपी, एमव्ही, आरएम. यादी दाखव, नक्कल कर, हलव, पुसून टाक. मी विचारलं, यांतले स्वर कोणी खाल्ले?

त्याला कारण आहे. लिनक्सने हे शब्द युनिक्सकडून वारशाने घेतले, आणि युनिक्स १९६९ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या बेल लॅब्जमध्ये जन्माला आलं. केन टॉम्सन आणि डेनिस रिची या मंडळींपुढे तेव्हा पडदा नव्हता, टेलिटाइप होतं. जड कळा, आणि कागदावर सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं ठोकणारं यंत्र. तिथे ‘रिमूव्ह’ लिहीत कोण बसणार? ज्याने एकेक खिळा उचलून जुळवणारे कंपोझिटर पाहिलेत, त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. यंत्राचा अबोलाही तिथलाच. काम नीट झालं की ते काहीही बोलत नाही. फाइल हलवली तर ‘हलवली’ म्हणायचं नाही, पुसली तर ‘पुसली’ म्हणायचं नाही. चुकलं तरच तोंड उघडायचं. भाचीला वाटलं, मला याची सवय व्हायला वेळ लागेल. मी तीस-बत्तीस वर्षं याच मालकांकडे काम करतोय.

माझी झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीने. इतकं काटेकोर यंत्र, आणि त्याच्या पोटातच शुद्धलेखनाच्या चुका! नवी फाइल तयार करण्यासाठी युनिक्समध्ये ‘क्रिएट’ आहे, पण इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा ‘ई’ गायब. युनिक्स पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल, असं टॉम्सनना पुढे कोणीतरी विचारलं, तेव्हा ते म्हणाले म्हणे, त्याला ‘ई’ लावीन. डिस्क सोडवायची कमांड ‘अनमाउंट’ हवी, तर ती आहे ‘उमाउंट’. एक ‘एन’ वाटेत सांडला. आणि कहर म्हणजे ‘रेफरर’. आपण एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर गेलो, की आधी कुठे होतो हे ब्राउजर बहुतेक वेळा पुढच्या सर्व्हरला कळवतो. तो निरोप ज्या नावाखाली जातो त्या नावात एक ‘आर’ कमी आहे. १९९६ साली वेबच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला त्यात ती चूक तशीच गेली, आणि तोवर इतक्या प्रोग्रॅमांनी तिच्यावर संसार थाटले होते की सुधारायची सोय उरली नाही. आपण मोबाइलवर साधं पंचांग बघतो तेव्हाही ही मुद्रणचूक इकडून तिकडे धावत असते. ‘आता राहू दे, पुढच्या आवृत्तीत बघू’ हे आमच्या मालकांचं स्वतःचं वाक्य आहे अशी माझी समजूत होती.

पण बाकी बाबतींत यंत्र माझ्या बाजूचं. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेचंच घ्या. शिशाच्या काळात ती जागाही शिशाचीच असे. खिळ्यांपेक्षा बुटका, शाई न लागणारा तुकडा शब्दांमध्ये खोचायचा. न दिसणाऱ्या गोष्टीलाही वजन असतं हे मी तिथे हातात धरून शिकलो. नंतर संगणक आले, जागा फुकट झाली आणि लेखक ती कुठेही टाकू लागले. ‘माझ्या साठी’, ‘घरा मध्ये’. सांगायला जावं, तर वाचणाऱ्याला कळतं!

यंत्राला कळत नाही. २०११ साली बंबलबी नावाच्या एका प्रकल्पात काय झालं ते भाचीने सांगितलं. लॅपटॉपमधली दोन ग्राफिक्स कार्डं सांभाळणारा हा प्रोग्रॅम. तो बसवताना ‘/यूएसआर/लिब/’च्या पोटातला एक जुना फोल्डर पुसायचा होता. लिहिणाऱ्याच्या हातून ‘/यूएसआर’ नंतर एक जागा पडली. झालं! यंत्राने एका वस्तूऐवजी दोन वस्तू वाचल्या. पहिली ‘/यूएसआर’, म्हणजे जिथे संगणकाचे बहुतेक सगळे प्रोग्रॅम राहतात तो अख्खा वाडा. तो आधी पाडला. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात मी ती ओळ मोठ्या टायपात छापून घेतली आणि ‘माझ्या साठी’वाल्या कवींची वही ज्या कपाटात असते त्याच्या दारावर चिकटवली.

दुसरी हकिगत तर खास आपल्यासाठीच घडली असावी. २२ जुलै १९६२ रोजी नासाने शुक्राकडे मरिनर-१ हे यान सोडलं. ते भरकटू लागलं आणि २९३ सेकंदांनी जमिनीवरून आज्ञा देऊन नष्ट करावं लागलं. त्याला नडलेल्या गोष्टींत एक अशी, की हाताने लिहिलेलं समीकरण प्रोग्रॅमसाठी उतरवून घेताना एका अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ गळली. ती रेघ म्हणजे ‘मोजमाप जसंच्या तसं नको, त्यातले चढउतार सपाट करून घ्या’ अशी खूण. लोक या प्रकरणाला हायफनची चूक म्हणतात, पण ती शुद्ध शिरोरेषेची चूक आहे. शिरोरेषा न देता पानंच्या पानं भरणारे किती लेखक मी सोसले! त्याच १९६२ साली इकडे महाराष्ट्र शासनाने मराठी लेखनाचे चौदा नियम मान्य केले. १९७२ मध्ये त्यांत चार वाढले. तिकडे एका रेघेपायी यान गेलं, आणि इकडे अठरा नियमांना गेली कित्येक वर्षं कोणी भीक घालत नाही.

यंत्राचं आणि माझं बिनसतं ते सौंदर्याच्या बाबतीत. छपाईत अवतरणचिन्हं बाकदार असावीत, उघडणारं वेगळं आणि मिटणारं वेगळं, यासाठी मी हयातभर भांडलो. टर्मिनलला, म्हणजे त्या काळ्या खिडकीला, ती चालत नाहीत. त्याला खुंट्यांसारखी सरळसोट चिन्हं लागतात. जर्मनीवाल्या मुलाने कमांडची यादी वर्डच्या फाइलमध्ये करून ठेवली होती आणि वर्डने आपल्या सुसंस्कृत स्वभावानुसार प्रत्येक अवतरण बाकदार करून, दोन हायफन एकत्र दिसले की त्यांची लांब देखणी डॅश करून ठेवली होती. छापायला नंबर एक. चालवायला एकही ओळ उपयोगाची नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा बाकदार चिन्हं सरळ करत बसलो, तेही रविवारी.

मात्र उघडलेलं अवतरण मिटलं नाही तर यंत्र जे करतं ते मला फार आवडतं. ते ओरडत नाही. पुढच्या ओळीवर एक छोटासा बाण दाखवून थांबतं. तुम्ही एंटर मारा, ते थांबतं. पुन्हा मारा, थांबतं. मिटणारं चिन्ह येईपर्यंत ते हलत नाही. मी अशा लेखकांची वाट पाहिली आहे ज्यांनी पान बारावर उघडलेलं अवतरण पुस्तक संपलं तरी मिटवलं नाही. पण इतका संयम माझ्यापाशी नाही.

कीबोर्डची गंमत निराळीच. माझा कीबोर्ड कायम मराठीवर, इनस्क्रिप्टवर. यादी मागायला एल आणि एस दाबलं, की पडद्यावर उमटतं ‘ते’. सर्व्हर उत्तर देतो, ‘ते : कमांड नॉट फाउंड’. मदतीचं पान मागायला एम-ए-एन दाबावं तर ‘सोल’. व्हीआय या संपादकातून बाहेर कसं पडायचं हा तर जगन्मान्य प्रश्न आहे. लाखो लोक तो नेटवर शोधत येतात असं प्रोग्रॅमरांच्या एका प्रसिद्ध संकेतस्थळाने २०१७ मध्ये जाहीर केलं होतं. उत्तर सोपं आहे : कोलन, डब्ल्यू, क्यू. इनस्क्रिप्टमध्ये त्याचं होतं ‘छैौ’. हा उच्चार करून पाहा. आत अडकलेल्या माणसाच्या तोंडून साधारण हाच आवाज येतो.

मोजणीचीही एक कमांड आहे, डब्ल्यूसी. भाचीने तिला ‘मराठी’ हा शब्द दिला. डोळ्याला अक्षरं तीन. -एम लावून विचारलं तर ती म्हणते पाच, कारण काना आणि वेलांटी वेगळी धरते. -सी लावलं तर पंधरा, कारण यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. मला बाइटवर मानधन मिळालं असतं, तर आज कोथरूडला बंगला असता आणि हा लेख माझ्या सेक्रेटरीने लिहिला असता.

शोधण्याच्या ग्रेप कमांडने मात्र मला एकदा चक्रावून टाकलं. एका प्रवासवर्णनात ‘दऱ्या’ हा शब्द पानोपानी दिसत होता, तिला निम्मेच सापडत होते. माझे डोळे गेले की तिचे, यावर भाचीने उलगडा केला. ‘ऱ’ दोन तऱ्हांनी साठवता येतो : एकसंध चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे करून. पडद्यावर दोन्ही जुळे भाऊ, आत आडनावं वेगळी. डोळ्यांना न दिसणारी चूक पकडणारा कोणीतरी माझ्याआधी जगात होता, हे पचवायला मला आठवडा लागला.

मग सेड आली. एका शब्दाच्या जागी दुसरा, हजार पानांत, पापणी लवायच्या आत. मालक हर्षभरित झाले. आमच्याकडे १९६२ पूर्वीच्या काही कादंबऱ्या टाइप करून ठेवल्या आहेत, जुन्या अनुस्वारांसह : ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘डोक्यांत’. ‘दादा, एका फटक्यात सगळे अनुस्वार उडवा की!’ भाचीने तेवढ्यात कमांड लिहूनही दिली. मी तिचा हात धरला. ‘नाहीं’चं ‘नाही’ बेलाशक करा. पण जुन्या लेखनात ‘घरांत’ म्हणजे एका घरातही असतं आणि अनेक घरांतही असतं. आज एकाला अनुस्वार नाही, दुसऱ्याला आहे. सरसकट फटका मारला असता तर कादंबरीतल्या प्लेगच्या प्रकरणात गावातल्या सगळ्या घरांतली माणसं एकाच घरात नेऊन कोंबली गेली असती. कुठे एक घर आणि कुठे अनेक, हे प्रसंग वाचूनच ठरवावं लागतं. त्या दिवशी यंत्र गप्प होतं, भाची गप्प होती आणि मी मिसळीवर जास्तीचा रस्सा मागवला.

बॅकअपचा धडा तिने पुराण सांगावं तसा सांगितला. ३१ जानेवारी २०१७, गिटलॅब कंपनी. रात्री उशिरा थकलेल्या एका अभियंत्याला दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायचा होता, त्याने मुख्य सर्व्हरवरचा पुसायला घेतला. चूक लक्षात येऊन थांबेपर्यंत तीनशे जीबीतले साडेचार उरले. नकला ठेवायच्या पाच तऱ्हा होत्या, ऐन वेळी एकही धड उपयोगी पडली नाही. कोणाच्या तरी हाताशी सहा तासांपूर्वीची एक प्रत निघाली म्हणून निभावलं. आणि ही सगळी दुरुस्ती त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवली! आमच्याकडे चुकीच्या गॅलीवर दुरुस्त्या झाल्या की दोघंतिघं मिळून ती गॅलीच नाहीशी करत असत.

आता बॅकअप रोज रात्री बाराला आपोआप होतो. म्हणजे ग्रिनिचच्या बाराला. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात आणि मी उठलेलाच असतो. ते वेळापत्रक बदलायची कमांड क्रॉनटॅब -ई आणि सगळं न विचारता पुसायची क्रॉनटॅब -आर. कीबोर्डवर ई आणि आर शेजारीशेजारी. ज्याने हे ठरवलं त्याला आमच्या छापखान्यात एक दिवसही ठेवला नसता.

माझा खरा जीव रमला तो मॅनच्या पानांत. प्रत्येक कमांडचं माहितीपत्रक सर्व्हरवरच असतं आणि त्यांतल्या कित्येकांच्या शेवटी ‘बग्ज’ असा मथळा असतो. १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेपासूनची ही रीत. आमच्या या वस्तूत अमुक खोट आहे, असं बनवणाऱ्यानेच लिहून ठेवायचं. पुस्तकाला शुद्धिपत्र जोडू या म्हटलं तर लेखक महिनाभर बोलत नाहीत, आणि इथे हे लोक ते मानाने मिरवतात! मी ती पानं कादंबरीसारखी वाचू लागलो. वाचताना पेन्सिल हातात असतेच. एका पानात सापडलं : इंग्रजी ‘द’ लागोपाठ दोनदा. ओळीच्या शेवटी एक, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एक. ही जात मी अंधारातही ओळखतो.

भाचीने दुरुस्ती कशी पाठवायची ते दाखवलं. त्यालाही ठरलेला साचा आहे, विषयाची ओळ अशी, खाली रिकामी ओळ, मग खुलासा. मी सारं तीनदा तपासून ईमेल धाडली. काही दिवसांनी जगाच्या कुठल्याशा टोकाहून उत्तर आलं. एकच शब्द : ‘अप्लाइड’. लावली.

मी ते छापून मालकांना दाखवलं. त्यांनी चष्मा चढवून कागद उलटसुलट पाहिला.

‘आणि पैसे किती देतात हे लोक?’

‘काहीच नाही.’

मालकांचा चेहरा उजळला. ‘बघा! आणि तुम्ही इतकी वर्षं मलाच बोलत होता.’