समकालीन मावळा

त्याला ओळखायचं तर शिवजयंतीच्या मिरवणुकीत शोधू नये, मिरवणुकीच्या कडेला शोधावं. ढोल घुमताहेत, भगवे फेटे उडताहेत आणि हा मात्र एका पोराच्या कमरेशी वाकून त्याच्या शेल्याची गाठ तपासतोय. तपासून झाल्यावर हताश मान हलवतो.

"सेफ्टी पिन," तो म्हणतो. "वॉल्टर हंट. न्यूयॉर्क. १८४९."

पोरगं घाबरतं. "नाही काका, तुळशीबागेतनं आणलीय."

नोकरी म्हणाल तर सरकारी, चेहरा चारचौघांसारखा. पण कोणत्याही विधानावर त्याचा एकच प्रश्न असतो, "समकालीन पुरावा आहे का?" शेजारच्यांनी मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं तरी तो जिभेवर आलेला हा प्रश्न महत्प्रयासाने गिळतो. घरात राजवाडे खंडांची रांग आहे. बखरींना तिथे दुय्यम साधन म्हणून खालचा कप्पा. त्यातल्या त्यात सभासदाला थोडा मान, कारण त्याने १६९७ मध्ये जिंजीला बसून लिहिलं आणि तो महाराजांच्या पदरी होता. बाकीच्या बखरकारांबद्दल तो नोकरीत नापास झालेल्या भाच्याबद्दल बोलावं तसं बोलतो. रायगडावर राज्याभिषेकाला ६ जूनला जातो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला पुन्हा जातो. शिवजयंतीही तारखेची एक, तिथीची एक. त्याच्या रजा दिवाळीच्या आतच संपतात.

पण त्याचा खरा पराक्रम कपड्यांत. नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानात तो एकदाच गेला. तिथली मखमल आणि तिच्यावर चिकटवलेल्या टिकल्या बघून त्याला बसायला खुर्ची द्यावी लागली म्हणतात. त्यानंतर त्याने पेठेतल्या एका म्हाताऱ्या शिंप्याला गाठलं. हातमागाचं कापड, बाराबंदी, बंद मोजून बारा, आणि मशीनला हात लावायचा नाही.

"साहेब, हातानं घातला की टाका वाकडा येतो."

"येऊ द्या. वाकडाच हवाय."

शिंप्याने अंगरखा मशीनवर शिवला आणि वरून आपल्या नातीकडून दोन-चार वाकडे टाके घालून घेतले. आपला गडी आजही पाहुण्यांना तेवढेच टाके बोट ठेवून दाखवतो.

रंगाचं प्रकरण अधिक चिघळलं. बाजारातला झगझगीत केशरी त्याला चालत नाही. पर्किन नावाच्या इंग्रज पोराने १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग काढला, त्याच्या आधीचं बहुतेक सगळं झाडापानांतलं, मुळांतलं. म्हणून हळद, मंजिष्ठा आणि तुरटी घेऊन तो न्हाणीघरात शिरला. फरशीवरचे डाग अजून आहेत. त्याच्या बायकोचं मत त्याच दिवशी सगळ्या वाड्याला ऐकू गेलं, "शाहिस्तेखानानंसुद्धा लाल महाल एवढा घाण केला नसेल!" यावर त्याने शांतपणे सांगितलं, की लाल महालाच्या तत्कालीन स्वच्छतेविषयी साधनं मौन बाळगतात.

तलवारीचं दुःख निराळं. नऊ इंचांवर पातं गेलं की १९५९ चा शस्त्र कायदा आडवा येतो, म्हणून हातात बोथट पत्रा. तो तेवढ्यापुरतं सहन करतो. पण कुणी तरुण पोराने "अस्सल मराठी पोलाद" असं म्हटलं रे म्हटलं, की हा उसळतो. पोर्तुगिजांकडून आणि इतर टोपीकरांकडून आलेली लांब सरळ पाती मराठ्यांना फार आवडत, तीच 'फिरंग'. म्हणजे मूठ आपली, पातं परदेशी. तरुण पोराच्या स्वदेशी चेहऱ्यावरचा रंग उतरताना पाहणं हा त्याचा वर्षातला मोठा आनंद. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली, तेव्हा सगळी दुनिया रांगेत नखं बघत होती आणि हा पाटी वाचत होता. ती महाराजांचीच याला पुरावा नाही, असं त्या लंडनच्या संग्रहालयाचंच म्हणणं. परतताना तो जितका प्रसन्न दिसला तितका स्वतःच्या लग्नातही दिसला नसेल.

आता एक नाजूक बाब. या गृहस्थाला जाड भिंगांचा चष्मा आहे. चष्मा काढला तर त्याला गड दिसत नाही, गनीम तर सोडाच. मनगटी घड्याळ दिसलं की आपल्या मावळ्यांच्या तुकडीतल्या पोरांना रांगेबाहेर काढणारा हा माणूस स्वतः चष्म्यासकट उभा राहतो आणि कुणी बोट दाखवण्याची वाटच बघत असतो. कारण भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोड्यांनी भारतातल्या चष्म्याचा इतिहास लिहून ठेवलाय आणि विजयनगरच्या व्यासरायस्वामींनी १५२० च्या सुमारास चष्मा वापरल्याचा दाखला त्यात दिलाय! मिरचीचंही तसंच. ती पोर्तुगिजांबरोबर आली हे त्याला कबूल, पण तोवर ती मावळात रुळली होती असा निर्णय त्याने स्वतःपुरता देऊन टाकलाय. ठेच्याशिवाय त्याला भाकरी जात नाही.

एकदाच त्याला गप्प झालेलं पाहिलं. त्याच्या वीस जणांच्या तुकडीतल्या एका कॉलेजच्या पोरीने विचारलं, "काका, बारगिराला घोडा-हत्यार सरकारातून मिळायचं. पण शिलेदार तर स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन यायचा ना? मग आपण सगळे एकसारखे का?" तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. एकसारखा गणवेश ही पुढची भानगड, महादजींच्या पदरी द बॉयनने कवायती पलटणी उभ्या केल्या तेव्हाची, हे त्याला ठाऊक होतं. पण मग तपासायचं काय? तिसऱ्या दिवशी नवा हुकूम निघाला. कोणत्याही दोघांचे कपडे सारखे दिसता कामा नयेत. आणि कोणते कसे वेगळे दिसावेत, याचा तक्ता सोबत जोडला होता.

त्या तक्त्यानुसार सजून आम्ही तुकडीतले सगळे पन्हाळ्याहून पावनखिंडीला निघालो. १६६० च्या जुलैत त्या वाटेने महाराज निसटले आणि बाजीप्रभू पडले, म्हणून दर जुलैला हजारो माणसं तो चिखल तुडवतात. बाकीचे रेनकोटात. आमच्या अंगावर घोंगड्या, पायांत वहाणा. म्हसाईच्या पठारावर वहाणांनी साथ सोडली आणि घोंगडीने पाणी पिऊन माणसाच्या वजनाशी बरोबरी केली. चिंचोक्याच्या खळीचा वास सुटला. समकालीन मावळा तो वास छाती भरून घेत होता.

वाटेतल्या एका वाडीत म्हातारीने ओसरीवर बसवलं आणि चहा पुढे केला. त्याने हात जोडले. "चहा नको आजी. त्या काळी नव्हता." म्हातारीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"घोंगडं कुठनं आणलासा?"

त्याने सांगितलं. हातानं कातलेली लोकर, हातमाग, मुद्दाम करून घेतलेलं, साडेचार हजार. म्हातारीने पदर तोंडाला लावला.

"आगं बया! आमच्या माळ्यावर तीन पडल्यात. उंदरं कुरतडाय लागल्यात. पोरं रेनकोट घालत्यात. न्या की तुमी, फुकट!"

त्याचे डोळे भिंगांमागे लकाकले. ओल्या कमरपट्ट्यातून त्याने मेणकापडात गुंडाळलेली वही काढली.

"कोणत्या काळातली आहेत आजी?"

"सासूच्या."

त्याने लिहिलं, थोडा विचार केला आणि खोडलं. मग म्हातारीची नजर चुकवून चहाची कपबशी हळूच पुढे ओढली.